जळक्या केसाचा वास

तुमच्या घरात कुठेतरी एक ब्रश असेलच. मुलीच्या चित्रकलेच्या डब्यात, गणपतीच्या मखराच्या सामानात, नाहीतर दारावरची पाटी लिहून झाल्यावर पेंटर विसरून गेला तो. त्या ब्रशचे केस कोणाचे आहेत, हे तुम्ही कधी विचारलं आहे का?

परवा हिंदमातेजवळ एका पार्लरसमोरून जात होते. आत कोणीतरी केस सरळ करून घेत होतं आणि एखादी बट मशीनमध्ये जरा जास्त वेळ राहिली असावी. दार उघडलं, एसीच्या गार झोताबरोबर जळक्या केसाचा वास बाहेर आला आणि मी फुटपाथवर होते तिथेच थांबले. मागून येणाऱ्या बाईंची साड्यांची पिशवी माझ्या पाठीवर आपटली. "काय झालं गं?" त्या म्हणाल्या. त्यांना काय सांगणार? एप्रिल आला, एवढंच झालं होतं.

आमच्याकडे एप्रिल म्हणजे जयंती आणि जयंती म्हणजे निळा रंग. वरळीच्या बीडीडी चाळीत मार्चपासूनच तो रंग दिसायला लागतो. आधी एखाद्या खिडकीत पताका, मग जिन्याच्या कठड्याला पट्टा, मग विहाराच्या दारावर नवा हात. उन्हाने जिन्याचे दगड तापलेले असतात, दहावीची मुलं परीक्षेतून सुटून सैरभैर झालेली असतात, आणि कोणाच्या तरी गॅलरीत पांढरी साडी नीळ घालून वाळत टाकलेली असते. या सगळ्यात माझ्यासाठी एप्रिलचा खरा वास एकच होता. एक केस, काडेपेटीच्या काडीवर धरलेला.

माझे वडील पेंटर. अक्षरांचे पेंटर. हिंदमातेच्या निम्म्या कापडदुकानांच्या पाट्या एकेकाळी त्यांच्या हातच्या होत्या. आता तिथे दिवे लागलेली अक्षरं आहेत. विहाराच्या भिंतीवरची संविधानाची उद्देशिका पप्पांनी लिहिली आहे, आणि चाळीच्या तोंडाशी असलेला पत्र्याचा फलकही दरवर्षी तेच लिहितात. फलक आधी पूर्ण निळा करायचा, वाळू द्यायचा, ओळ सरळ यावी म्हणून खडूच्या दोरीने सूत मारायचं आणि पांढऱ्या इनॅमलने त्या वर्षीची ओळ लिहायची. ओळ आमच्या घरात ठरते. तिच्यावर भांडणं होतात, मम्मी चहा गाळता गाळता एक शब्द उडवते आणि ओळ सुधारते. पप्पा फलकाच्या कोपऱ्यात स्वतःचं नाव कधीच लिहीत नाहीत. ओळ सगळ्यांची, मग नाव एकाचं कशाला, असं त्यांचं म्हणणं.

मी पत्रकांवर वाढले. खरंच. पलंगाखाली गठ्ठे, माळ्यावर गठ्ठे. संपाची, घरभाड्याची, पाण्याच्या मोर्चाची, शिष्यवृत्तीची. पुस्तकं नंतर आली. घरात एक नियम होता आणि अजून आहे: रस्त्यात कोणी हातात कागद दिला तर तो वाचल्याशिवाय टाकायचा नाही. कोणीतरी तो लिहायला बसलेलं असतं. त्यामुळे आमच्याकडे क्लासच्या जाहिरातीही वाचल्या जातात आणि मूळव्याधीच्या दवाखान्याच्याही. मम्मी तर मागची बाजू कोरी असली की नाराज होते. "अर्धंच लिवलंय," म्हणते.

ब्रश आणायला पप्पा गिरगावात जायचे आणि मी त्यांच्याबरोबर. एका गल्लीत रंगाचं जुनं दुकान आहे. आत टर्पेंटाइनचा गारवा आणि उंच फळ्यांवर डबे. दुकानाचे शेठ पप्पांना बघितलं की समोर टांगलेली पाकिटं काढायचेच नाहीत. "हा नायलॉन, हा डुकराचा, ते तुमच्यासाठी नाही पेंटर," असं म्हणून काउंटरखाली वाकायचे. वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक जुडी वर यायची. पप्पा चष्मा कपाळावर चढवायचे. एकेक ब्रश घेऊन जिभेवर ओला करायचे, मनगटाला हलका झटका द्यायचे आणि उजेडाकडे धरायचे. टोक एकत्र आलं तर बाजूला. दोन फाटे पडले तर परत. मग तळहातावर दाबून बघायचे, केस उठून पुन्हा सरळ होतात का. पोट भरलेलं आहे का. पत्र्याची पकड घट्ट आहे का. त्या ब्रशचे केस तीनरंगी असायचे. टोकाला काळे, मध्ये दुधाळ, बुडाशी तपकिरी. लहानपणी मला वाटायचं, इतकं देखणं काहीतरी कारखान्यातच रंगवत असतील.

शेवटी पप्पा एक केस उपटायचे. "काडी."

काडी मी ओढायची. ते माझं काम. केस चुरचुरायचा, आक्रसून मागे वळायचा आणि वास यायचा. पप्पा माझं नाक जवळ न्यायचे. "आला? मग खरा. नायलॉन असता तर मणी झाला असता." शेठ हसायचे. "बेटीला धंदा शिकवतोय पेंटर." मला त्या वासाचा अभिमान होता. आमच्या घरात खोटं चालत नाही, अगदी ब्रशसुद्धा चालत नाही, असं मी शाळेत सांगितलेलं आठवतं.

आणि तो ब्रश लिहायचा तरी कसा. आपल्या लिपीत शब्दाच्या डोक्यावरून आडवी रेघ जाते. पप्पा आधी सगळी अक्षरं लिहून घ्यायचे, मग ब्रश रंगात बुडवून, डब्याच्या काठावर एकदा फिरवून, श्वास धरून ती रेघ एका दमात ओढायचे. मध्ये उचलायचं नाही. फलकापाशी उभी असलेली माणसंही तेवढा वेळ बोलायची थांबायची. रेघ संपली की कोणीतरी "बास" म्हणायचं आणि मग सगळे श्वास सोडायचे. खऱ्या केसाच्या पोटात रंग मावतो, तो शेवटपर्यंत पुरतो. नायलॉन अर्ध्यात कोरडा पडतो. मग पुन्हा बुडवा, पुन्हा टेकवा, आणि जिथे टेकवलं तिथे जोड दिसतो.

गेल्या वर्षी या रेघेवर बरंच काही अडकलं होतं. मंडळातल्या पोरांना फ्लेक्स हवा होता. त्यांचा पुढारी बंटी, आमच्याच मजल्यावरचा, माझ्यापेक्षा थोडा लहान, पप्पांना काका म्हणणारा. वाईट नाही तो. बैठकीत सरळ बोलला, "काका, फ्लेक्स सकाळी सांगितला की दुपारी येतो. फोटो पण टाकता येतात. तुमचा फलक एक नंबर असतो म्हणून आतापर्यंत कोण बोललं नाय. पण आता तुमचा हात..." पुढचं त्याने गिळलं. पप्पांनी विचारलं, "हात काय?" तो म्हणाला, "ह्या वर्षी करा. बघू. पहिल्यासारखा झाला तर फ्लेक्सचं नाव काढणार नाय." पप्पा म्हणाले, "बघ." त्या वर्षीची ओळ आमच्याकडे आधीच ठरली होती: 'प्रश्न विचारणाऱ्या प्रत्येकाला जयंतीच्या शुभेच्छा.' मम्मीने 'हार्दिक' काढून टाकलं होतं.

त्यानंतर काही दिवसांनी दादरला, फुलबाजाराजवळच्या पुलाखाली, एका मुलीने माझ्या हातात पत्रक दिलं. मी चालता चालता ते आधी पत्रक म्हणून बघितलं. चार तऱ्हेचे टाइप वापरलेत, मथळा फार लांब, कागद चकचकीत कशाला. मग फोटो पाहिला. वर मुंगूस, मागच्या पायांवर उभं, कान मागे. खाली एक ब्रश. बाजूला त्या केसाचा मोठा करून छापलेला फोटो. टोकाला काळा, मध्ये दुधाळ, बुडाशी तपकिरी.

मला आधी काहीच वाटलं नाही. डोळ्यांनी ते ओळखलं आणि डोक्याने घेतलं नाही, असं काहीसं. मग खालचा मजकूर वाचला. मुंगूस फासात पकडतात. मारतात. एका जनावराच्या अंगावरून कामाचे केस फार थोडे निघतात, म्हणून पुष्कळ मारावी लागतात. मारणं गुन्हा, केस विकणं गुन्हा, ब्रश विकणं गुन्हा. तरी विकतात, काउंटरखालून. 'काउंटरखालून' हा शब्द त्यांनी ठळक छापला होता.

झेंडूच्या टोपल्या घेऊन जाणारा माणूस ओरडला, "ताई, बाजूला व्हा ना." मी बाजूला झाले. माझ्या नाकात झेंडू नव्हता. जळक्या केसाचा वास होता, आणि पहिल्यांदाच मला कळत होतं की मी कोणाच्या शेपटीला काडी लावत आले.

घरी येऊन पप्पांचा ब्रशचा डबा उघडला. तेल लावून, टोकं नीट करून, ओळीने ठेवलेले. काही माझ्या जन्माआधीचे. धुतल्यावर पप्पा ओठांत धरून त्यांचं टोक करायचे. ते आठवलं आणि मी डबा बंद केला.

पत्रक पप्पांसमोर ठेवलं. नियमाप्रमाणे त्यांनी ते पूर्ण वाचलं, खाली बारीक अक्षरातलं छापखान्याचं नावसुद्धा. मग उलटून मागची बाजू. मग पुन्हा पुढची. फोटोतल्या केसावर त्यांनी अंगठा ठेवला.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"जनावराचा आहे एवढं ठाऊक होतं. शेठ म्हणायचा, जंगली माल."

"मग?"

"मला वाटायचं कापून घेतात. मेंढरासारखं."

"मुंगसाला धरून कोण कापणार, पप्पा?"

"आता कळतंय ना मला पण," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. "आता तू बोलल्यावर कळतंय."

मम्मी पोळ्या लाटत होती. तिने लाटणं बाजूला ठेवलं. "आमच्या गावी मुंगूस आडवं गेलं तर चांगलं म्हणायचे."

"अंधश्रद्धा," पप्पा म्हणाले.

"असू दे अंधश्रद्धा. मारत तरी नव्हते कोण."

मला ओरडायचं होतं आणि कोणावर ते समजत नव्हतं. हाच माणूस दर रविवारी विहारात हात जोडून पहिलं शील म्हणतो, प्राण्याची हत्या करणार नाही, आणि मीही त्याच्या शेजारी उभी राहून म्हणते. आमच्या समोरच्या भिंतीवर उद्देशिका आहे. संविधानाने सांगितलेल्या नागरिकाच्या कर्तव्यांत प्राणिमात्रांविषयी दया आहे, हे मी कॉलेजच्या भाषणात टाळ्या घेत सांगितलं होतं. आणि त्या भिंतीवरचा एकेक शब्द कशाने लिहिला होता? ज्या घरात मंत्र्याला प्रश्न विचारतात, कंत्राटदाराला विचारतात, शाळेच्या मुख्याध्यापकांना विचारतात, त्या घरात हातातल्या ब्रशला कोणी विचारलं नाही. दुकानदार खाली वाकतो, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काढतो, हे आम्ही सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. चांगली वस्तू लपवून ठेवावी लागते, यात आम्हाला काहीच विचित्र वाटलं नाही.

जयंती तोंडावर होती आणि त्या वर्षीचा ब्रश घ्यायचा होता. आम्ही बसने गिरगावात गेलो. दुकानात शेठ हसले. "आओ पेंटर. नेहमीचं ना?" आणि वाकले.

"शेठ," पप्पा म्हणाले, "केस कोणाचे?"

"ओरिजनल."

"कोणाचं ओरिजनल?"

शेठ वाकलेले होते ते तसेच राहिले. मग हसत वर आले. हातात जुडी होती. "इतक्या वर्षांत आज विचारता? सगळे आर्टिस्ट हाच नेतात. मोठमोठ्या मूर्तींचे डोळे ह्याच मालाने आखतात. तुम्ही नाही घेतला तर तुमच्या मागून येईल तो घेईल."

"मुंगूस आहे का?"

शेठनी रस्त्याकडे पाहिलं. "पेंटर, हळू बोला ना."

त्या शब्दांनी मला पत्रकापेक्षा जास्त धक्का बसला. पत्रकावर अविश्वास दाखवता आला असता. माझ्या तोंडात मोठं भाषण तयार होतं, पण पप्पांनी माझ्याकडे न बघता हात थोडा वर केला आणि म्हणाले, "ते समोरचं टांगलेलं दाखवा. नायलॉन."

"त्यात काय बघायचं? मशीनमधून येतो, सगळा सारखा."

"दाखवा तर."

मग पप्पांनी नायलॉनची सगळी पाकिटं उघडायला लावली. जिभेवर ओला, मनगटाला झटका, उजेडाकडे. तीच पद्धत, तेवढाच वेळ. शेठ वैतागले, गिऱ्हाईक मागे उभं राहिलं, पप्पा निवडत राहिले. सगळे सारखे नव्हते. एकाचं टोक बाकीच्यांपेक्षा बरं जुळत होतं, थोडा मऊ होता, पोट जरा भरलेलं. तो त्यांनी बाजूला ठेवला आणि सवयीने एक केस उपटला. "काडी."

मी काडी ओढली. केस वितळून काळा मणी झाला. प्लास्टिकचा वास आला. दोघंही त्या मण्याकडे बघत राहिलो.

बसस्टॉपवर मात्र पप्पांना राग आला. "आणि रविवारचं मटण? ते झाडाला लागतं?"

"खाते मी. नाकारत नाही."

"मग?"

"पण ते घेताना आपल्याला कोण हळू बोला म्हणत नाही."

त्यांनी यावर विचार केला. "पूर्ण उत्तर नाही हे," ते म्हणाले.

"नाहीये," मी म्हणाले. अजूनही नाही. शिवाय नायलॉनही प्लास्टिकच. फ्लेक्सला प्लास्टिक म्हणून आम्ही नावं ठेवत होतो, आणि आता त्याच्याच भावंडाला पिशवीत घालून घरी नेत होतो. हे मला दिसत होतं. तरी फासातलं जनावर आणि वितळलेला मणी यांत मला त्या दिवशी निवड करता येत होती, आणि ती केली.

फलक सकाळी लिहायला घेतला. अक्षरं उत्तम उतरली. हात कुठेही हलला नाही, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. मग रेघेची वेळ आली. 'विचारणाऱ्या' या लांब शब्दाच्या डोक्यावरून पप्पांनी ब्रश टेकवला, श्वास धरला, माणसं गप्प झाली. रेघ निघाली, आणि मध्यावर फिकट झाली. निळ्यावर पांढरा रंग सुकत गेल्यासारखा विरला. पप्पांनी ब्रश उचलला. कोणी "बास" म्हणालं नाही. त्यांनी पुन्हा बुडवला, पुन्हा टेकवला आणि पुढे नेला. जिथे टेकवला तिथे एक जाड ठिपका राहिला. पुढच्या शब्दावरही तेच झालं.

बंटी जवळ आला. खालच्या आवाजात म्हणाला, "काका, जोड दिसतोय."

"दिसू दे."

"वरून एक हात मारा ना. झाकून जाईल."

"झाकायचं नाही," पप्पा म्हणाले. मग फलकाच्या कोपऱ्यात, जिथे ते कधी नाव लिहीत नाहीत, तिथे वाकून त्यांनी बारीक अक्षरात एक ओळ लिहिली: 'या अक्षरांसाठी कोणाचा जीव गेला नाही.'

बंटीने ती वाचली. "म्हणजे आधीच्यांसाठी गेला होता?"

पप्पांनी होकारार्थी मान हलवली. आणि तिथेच, रंगाचा डबा हातात घेऊन, त्यांनी सगळं सांगितलं. मेंढरासारखं वाटलं होतं, तेही सांगितलं. लोक जमले. पुढचे दोन आठवडे येणारी-जाणारी माणसं फलकासमोर थांबत होती. आधी जोड बघायची, मग कोपरा वाचायला वाकायची, मग विचारायची. लालबागहून पाहुणे म्हणून आलेले एक मूर्तिकार बराच वेळ वाकून उभे होते.

जुना डबा आमच्याकडेच आहे. मी म्हटलं होतं, वनखात्यात देऊ. पप्पा म्हणाले, "काय सांगशील, गुन्हेगार म्हणून बाप आणलाय?" जाळण्याबद्दल मी बोललेच नाही. तो वास पुन्हा घरात नको. झाकण बंद आहे आणि त्याचं काय करायचं, ते आम्हाला अजून उमगलेलं नाही.

यंदाच्या बैठकीत फ्लेक्सचा विषय पुन्हा निघाला. एकजण म्हणाला, गेल्या वर्षी फलक बिघडला होता. बंटी म्हणाला, "बिघडला नव्हता. थांबून वाचला लोकांनी. तुझा फ्लेक्स वाचायला कोण थांबलंय कधी?" फलक मंजूर झाला. पप्पांनी त्याच नायलॉनच्या ब्रशवर वर्षभर हात बसवला आहे. रद्दीवर आडव्या रेघा ओढतात. जोड अजून दिसतो, आता थोडा पातळ.

तुमच्याकडे एकच मागणं आहे. घरातला ब्रश काढा आणि खिडकीपाशी न्या. केस टोकाला काळा, मध्ये दुधाळ, बुडाशी तपकिरी दिसला, तर पुढचा तसला घेऊ नका. आणि दुकानात गेलात, दुकानदार काउंटरखाली वाकला, की मोठ्याने विचारा: केस कोणाचे? तो म्हणेल, हळू बोला. तेव्हा पुन्हा विचारा, आणखी थोडं मोठ्याने, मागच्या गिऱ्हाइकाला ऐकू जाईल असं.